आकडा चुकला म्हणून स्पर्धेबाहेर?

महोदय,

२०१७च्या एएनए इन्स्पिरेशन गोल्फ स्पर्धेत लेक्सी थॉम्पसन ही खेळाडू शेवटच्या दिवशी आघाडीवर होती. आदल्या दिवशी १७व्या होलवर तिने फूटभरच्या पटसाठी (चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या हलक्या फटक्यासाठी) चेंडू उचलला आणि परत ठेवताना तो जेमतेम इंचभर सरकला. टीव्हीवर ते पाहून एका प्रेक्षकाने ई-मेल केला. शेवटच्या दिवशी खेळ चालू असतानाच तिला चार फटक्यांचा दंड झाला, म्हणजे तिच्या नावावर चार फटके जास्त धरले गेले; गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे. दोन चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल, दोन चुकीच्या स्कोअरकार्डवर (आपल्या फटक्यांच्या नोंदीवर) सही केल्याबद्दल. डोळे पुसत ती खेळत राहिली आणि बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये रियू सो-यॉनकडून हरली.

पहिले दोन फटके रास्तच होते. पण सही करताना ज्या दंडाची तिला कल्पनाच नव्हती, त्याबद्दल आणखी दोन? पुढे हा नियम बदलला, प्रेक्षकांच्या तक्रारी घेणेही बंद झाले, हे चांगलेच झाले.

तरी २०२४मध्ये जॉर्डन स्पीथ हा खेळाडू जेनेसिस इन्व्हिटेशनल स्पर्धेतून बाद झालाच; चौथ्या होलवर चारऐवजी तीन लिहिलेल्या कार्डावर त्याने सही केली होती. प्रत्येक फटक्याची नोंद आयोजकांकडे असते. मग दोन फटक्यांचा दंड करून त्याला खेळू का देऊ नये? प्रत्यक्षापेक्षा कमी फटके लिहिलेल्या कार्डावर सही केल्यास थेट बाद करणाऱ्या नियमाच्या या कलमाचा फेरविचार व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक गोल्फप्रेमी वाचक, पुणे