पडद्यामागचं शिक्षण कुठे घ्यावं, हे सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून नुसतं 'ताई'. आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते. नाटकाच्या पडद्यामागे काम करायचंय, त्यासाठी रीतसर शिकायचंय, पण कुठे शिकावं हे विचारायला कुणी नाही, अशी मुलं-मुली आपल्याकडे बरीच आहेत. मला विचारायला तुम्ही होतात.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीतास्वयंवर' केलं, त्या सांगलीत वाढलेल्या मुलीला नाटकासाठी घरातून विरोध व्हायचं कारण नव्हतं, झालाही नाही. अडचण वेगळीच होती. नाटक शिकायचं म्हटलं की सगळे अभिनय धरून चालायचे. मला तालमीचं वेळापत्रक, प्रॉपर्टीची म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची यादी, कुठल्या वाक्यावर दिवे उतरतात त्याच्या खुणा, हेच आवडायचं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी इंटरनेटवर स्टेज मॅनेजमेंटच्या, म्हणजे रंगमंच व्यवस्थापनाच्या, पदव्या शोधायला लागले, तर लंडनचं गिल्डहॉल, कार्डिफचं रॉयल वेल्श कॉलेज, अमेरिकेतलं येल अशी नावं पुढे आली. फीचे आकडे बघून बाबा गप्प झाले. भारतात नुसत्या याच विषयाची पदवी मला सापडली नाही, आणि मी जवळजवळ एम.कॉम.चा फॉर्म भरायच्या बेतात होते.

तेवढ्यात तुम्ही ज्याचं व्यवस्थापन बघता त्या नाटकाचा प्रयोग सांगलीच्या भावे नाट्यमंदिराला लागला. आमच्या संस्थेतल्या काकांनी ओळख करून दिली आणि तुम्ही मला सेट लागण्यापासून ट्रक भरेपर्यंत मागे थांबू दिलंत. विंगेतलं ते टेबल मला अजून जसंच्या तसं आठवतं. त्यावर खाकी कागद चिकटवलेला, आणि कागदावर प्रत्येक वस्तूची कडा मार्करने आखलेली: चष्मा, पत्राचं पाकीट, तांब्या-भांडं, किल्ल्यांचा जुडगा. तिसऱ्या घंटेच्या आधी तुम्ही टेबलावरून एकदाच नजर फिरवलीत, किल्ल्यांची जागा रिकामी दिसली, आणि पडदा उघडायच्या आत किल्ल्या आल्या. तुमची वहीसुद्धा तुम्ही मला हाताळू दिलीत. उजव्या पानावर संवाद, डावं पान क्यूंसाठी, म्हणजे दिवे-आवाज कुठे बदलायचे त्या खुणांसाठी, मोकळं. सगळं पेन्सिलीने, कारण दिग्दर्शक दहाव्या प्रयोगालाही बदल करतो. प्रत्येक क्यूच्या दोन वाक्यं आधी 'तयार' अशी खूण.

प्रयोगानंतर चहा घेताना मी तुम्हाला सरळ विचारलं, की परदेशी जायला कर्ज काढू का. तुम्ही हो-नाही काहीच म्हणाला नाहीत. तुम्ही मला दोन कामं समजावून सांगितलीत. तिकडे स्टेज मॅनेजर कानाला हेडसेट लावून बसतो आणि दिवे, आवाज, पडदा, सेटची हालचाल, सगळं त्याच्या 'गो'वर चालतं. प्रयोग सुरू झाला की तो त्याच्या हातात असतो. आपल्या व्यावसायिक नाटकात प्रकाशवाला आणि संगीतवाला बहुतेक वेळा आपापली संहिता बघून क्यू घेतात. व्यवस्थापकाच्या अंगावर तारखा, बस, ट्रक, जेवण, नाईटचे म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनाचे हिशेब, नव्या गावातल्या नाट्यगृहाची विंग किती अरुंद आहे, हे सगळं येतं. "तुला यातलं कुठलं काम करायचंय ते आधी ठरव, कॉलेज मग बघू," असं तुम्ही म्हणालात. इतक्या जणांना विचारलं होतं, हा प्रश्न मला दुसऱ्या कुणीही विचारला नव्हता.

मला दोन्ही करायचं होतं, आणि ते तुम्हाला अजिबात वावगं वाटलं नाही. उलट तुम्ही क्रम लावून दिलात. आधी इथलं, मग तिकडचं.

त्यानंतर फोनवर आपण एकेक संस्था घेऊन बसलो. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तुम्ही सगळ्यात वर ठेवलंत. तीन वर्षं, राहायची सोय, वर विद्यावेतन; पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं, आणि मग ज्याला मागे काम करायचंय त्याला अभिनयाऐवजी डिझाइन-दिग्दर्शनाची वाट. पण तिथे अर्ज करायला पदवीबरोबर निदान सहा नाटकांतल्या कामाचा अनुभव मागत होते, आणि माझ्याकडे तेवढी नाटकं नव्हती. पुण्याचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची २००३ साली सुरू झालेली थिएटर आर्ट्सची अकादमी, या दोन्हींचं तुम्ही मनापासून चांगलं सांगितलंत. कुठे जा हे मात्र शेवटपर्यंत तुमच्या तोंडून आलं नाही.

तुम्ही मला विचारायचे प्रश्न दिलेत. ते इथे मुद्दाम लिहिते, कारण ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतात. वर्षाला पूर्ण लांबीची नाटकं किती उभी राहतात, आणि त्यांचं व्यवस्थापन विद्यार्थ्याकडे असतं की बाहेरच्या माणसाकडे? दिवे टांगायला विद्यार्थी स्वतः शिडीवर चढतात का? विभागप्रमुखांशी बोलशील तेव्हा बोल, पण दुसऱ्या वर्षाच्या अशा मुलाला गाठ जो नट व्हायला आलेला नाही, आणि त्याला विचार की कालचा अख्खा दिवस कसा गेला. संस्थेबाहेर पडलं की संध्याकाळी नाटक बघायला, काम मागायला किती लांब जावं लागतं?

या शेवटच्या प्रश्नावर माझं मुंबईचं ठरलं. दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, कुठल्याही शाखेच्या पदवीवर प्रवेश, आणि शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ ही नाट्यगृहं सगळी लोकलच्या अंतरावर. दिवसा शिकायचं आणि शनिवार-रविवारी कुणाच्या तरी प्रयोगाला हात लावायला जायचं, हे दुसरीकडे इतकं सहज जमलं नसतं असं मला आजही वाटतं.

बाबांशी तुम्ही जे बोललात त्याचे आभार वेगळे. त्यांनी 'पगार किती' विचारलं, तेव्हा तुम्ही त्यांना पगार नसतो, नाईट मिळते, हे स्पष्ट सांगितलंत. परीक्षांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात प्रयोग कमी होतात, तेव्हा हातात काय राहतं तेही सांगितलंत. मुलीच्या जातीला रात्रीच्या बसप्रवासाचं काय, यावर तुम्ही तुमची स्वतःची व्यवस्था कशी असते ते सविस्तर समजावलंत. गोड बोलून त्यांना राजी करणं सोपं होतं. खरं ऐकल्यामुळे ते आजवर एकदाही डगमगले नाहीत.

यंदा माझी दोन वर्षं पूर्ण झाली. एका व्यावसायिक नाटकाला साहाय्यक व्यवस्थापक म्हणून जाते आहे. वहीत डावं पान कोरं ठेवायची सवय तुमचीच. आता क्रमातलं पुढचं. येलच्या नाट्य विभागाला २०२१ साली १५ कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तिथली शिकवणी फी सगळ्यांनाच माफ झाली, हे तुम्हीच मला कळवलं होतंत. तिथे स्टेज मॅनेजमेंटचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्या अर्जाची तयारी सुरू केली आहे. राहण्या-जेवणाच्या खर्चाचं गणित मांडून झालं की तुम्हाला पाठवते, बघून घ्या.

आणखी एक. इस्लामपूरच्या एका मुलीचा मला फोन आला होता, बारावीला आहे, हेच शिकायचं म्हणते. तुमचे प्रश्न मी तिला दिले, पण तिच्या आईला तुमच्याशी बोलायचंय. दौऱ्यातून मोकळ्या झालात की नंबर देऊ का, तेवढं कळवा.

तुमची,
सांगलीची विद्यार्थिनी