सुतळी, टेप आणि पायथागोरस

महोदय,

आमच्या पडवीचं काम चालू आहे. परवा गवंड्याने कोपऱ्यातून सुतळ्या ताणल्या, एकीवर ३ फुटांची, दुसरीवर ४ फुटांची खूण केली आणि टेप तिरकी धरली. कोपरा काटकोनात असता तर ५ फूट भरली असती, ती दोन बोटं कमी भरली. ‘कोन आत आलाय,’ म्हणत त्याने खुंटी सरकवली. दहावीतली माझी मुलगी बघतच राहिली. पायथागोरस तिला तोंडपाठ, पण तो चिऱ्यांच्या भिंतीत भेटेल असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शाळांनी मुलांकडून माटोळीची (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती) लाकडी चौकट किंवा कौलारू छपराचा छोटा सांगाडा बांधून घ्यावा. आडवं अंतर १० फूट आणि उतार ३० अंश असेल, तर वासा साडेअकरा फुटांहून किंचित जास्त लागतो. इथे त्रिकोणमिती चुकली की वासा आखूड पडतो! (दिवाळीत नरकासुराच्या पुतळ्यांचे सांगाडे हीच मुलं रात्र रात्र जागून उभारतात, तेही गणिताच्या तासाशिवाय.)

सुतळी, टेप, ओळंबा आणि महिन्याला दोन तास पुरेत. आमचा गवंडी शाळेत यायला तयार आहे, मी विचारलंय.

– एक पालक, फोंडा