इंधनघटातील कार्बनच्या टिकाऊपणाचीही कसोटी घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धुळ्यातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. कापसाची पऱ्हाटी किंवा केळीचे खोड यांच्या कोळशावर प्लॅटिनम बसवून इंधनघटासाठी (हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांपासून वीज तयार करणारा, वाहनेही चालवू शकणारा घट) उत्प्रेरक तयार करणे, हा प्रकल्प विद्यार्थी हौसेने निवडत. पऱ्हाटी बांधावरच जाळली जाते अशा खान्देशात हा विचार सुचणे स्वाभाविक आहे. मात्र आम्ही पहिल्या दिवसाचा विद्युतप्रवाह तेवढा मोजला, पुढचे पाहिले नाही, याची खंत वाटते.

इंधनघटात प्लॅटिनमचे दोन ते पाच नॅनोमीटरचे कण कार्बनच्या भुकटीवर बसवलेले असतात. पाण्याच्या सान्निध्यात या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होण्यास तत्त्वतः ०.२०७ व्होल्ट पुरेसे आहेत; प्रक्रिया अतिशय संथ असल्यामुळेच घट चालतो. परंतु गाडी बंद करून पुन्हा सुरू करताना हायड्रोजनच्या कप्प्यात शिरलेली हवा आणि नव्याने येणारा हायड्रोजन काही क्षण शेजारी असतात, आणि तेवढ्यात हवेच्या बाजूच्या विद्युतअग्राचे विभव (विद्युतदाब) सुमारे १.५ व्होल्टपर्यंत चढू शकते. मग कार्बन झिजतो, त्यावरचे प्लॅटिनमचे कण सुटतात किंवा एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि त्या महागड्या धातूचे पृष्ठफळ वाया जाते. प्लॅटिनम स्वतःही या झिजेचा वेग वाढवते.

पऱ्हाटीच्या कोळशाचे जे गुण आपण अभिमानाने सांगतो, म्हणजे प्रचंड पृष्ठफळ, असंख्य सूक्ष्म छिद्रे आणि विस्कळीत रचना, तेच झिजेला वाट करून देतात. दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून त्याला ग्राफाइटकडे नेले तर तो अधिक टिकतो, पण पृष्ठफळ घटते आणि प्लॅटिनमचे कण नीट धरून ठेवले जात नाहीत. कार्बनऐवजी वापरता येणारी अँटिमनीमिश्रित टिन ऑक्साइड किंवा टायटॅनियमची ऑक्साइडे या झिजेला दाद देत नाहीत. त्यांची अडचण विद्युतवहनाची आणि पृष्ठफळाची आहे. लांब पल्ल्याच्या मालमोटारींमधील इंधनघटासाठी अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २५,००० तासांच्या आयुष्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. सुरत-नागपूर महामार्गावर उद्या अशी वाहने धावायची असतील, तर प्रश्न प्लॅटिनम ज्यावर बसवतात त्या आधारद्रव्याचा आहे.

त्याची कसोटी अवघड नाही. १.० ते १.५ व्होल्टदरम्यान विभव ५,००० वेळा वरखाली करावे आणि आधी व नंतर प्लॅटिनमचे क्रियाशील पृष्ठफळ मोजावे. प्रत्येक आवर्तनास दोन सेकंद धरले तरी तीन तासांच्या आत काम होते, आणि प्राथमिक चाचणीला पोटेन्शिओस्टॅट (विभव हवे तसे ठेवून प्रवाह मोजणारे उपकरण) पुरतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने या विषयावरील प्रत्येक प्रकल्प अहवालात ही चाचणी सक्तीची करावी आणि ज्या महाविद्यालयांकडे उपकरण नाही, त्यांचे नमुने जळगावला तपासून द्यावेत. अशा संशोधनाची बातमी आपल्याकडे आली, तर ५,००० आवर्तनांनंतर किती पृष्ठफळ उरले, हे आपल्या वार्ताहरांनी अवश्य विचारावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक, धुळे