जेवणातला ज

डिचोली, गोवा

प्रिय शुभदा,

सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, माझा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने, आणि ते तुझ्यावाचून कोणाला नीट कळणार नाही.

दुसऱ्या वर्षी मेडिसिनच्या तासाला ‘डिस्फेझिया म्हणजे गिळायला त्रास’ असे मी उत्तर दिले आणि तू मागच्या बाकावरून ‘फेजिया’ म्हणून मला अडवलेस; ‘झ’ने म्हटले की तो बोलता न येण्याचा शब्द होतो. मी मराठी शाळेतून आलेली, तू कॉन्व्हेंटमधली. तू भर वर्गात माझी शाळा काढलीस, असेच मला वाटले. एका खोलीत राहून आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही, तुझ्या आईने पाठवलेल्या चणाडाळीच्या गोड दोसालासुद्धा हात लावला नाही. आपण भांडलो ते एका अक्षरावरून, हे मी सोयीस्करपणे विसरले आणि ते अक्षर मात्र तसेच जिभेवर ठेवले.

गेल्या महिन्यात मी शिकवते त्या नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने वॉर्डातून संध्याकाळी पाळी बदलतानाचा हँडओव्हर दिला. रुग्ण पक्षाघाताचा, वय सत्तरीच्या पुढे. दुपारी चमच्याने पाणी देऊन गिळण्याची तपासणी झाली होती आणि ती जमली नव्हती. तोंडाने काही द्यायचे नाही, असे ठरले होते, पण पलंगाला तशी ‘एनबीएम’ची पाटी अजून लागायची होती. मुलगी म्हणाली, ‘पेशंटला डिस्फेझिया आहे.’ रात्रपाळीच्या सिस्टरने त्याचा बरोबर तोच अर्थ घेतला जो पुस्तकात आहे: यांना बोलता येत नाही. रात्री मुलाने विचारले, ‘सिस्टर, बाबांचा घसा सुकलाय, पाणी देऊ?’ ती म्हणाली, द्या थोडे. दुसऱ्या चमच्याला ते ठसकले, ओठ काळवंडले, सॅच्युरेशन ८४ वर आले. सक्शन वेळेवर झाले म्हणून बचावले. पुढचे चार दिवस न्यूमोनिया होतो की काय, या धास्तीने मी रोज त्यांच्या छातीचा एक्स-रे विचारत होते.

मुलीला मेमो मिळाला. ती माझ्याविरुद्ध एक शब्दही बोलली नाही. तिची वही मात्र मी मागवून घेतली. इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर तिने बारीक पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले होते, अगदी मी फळ्याजवळ उभी राहून म्हणते तसे. एकाखाली एक दोन शब्द, स्पेलिंग वेगळे, अर्थ वेगळे, आणि दोन्हींवर एकच ‘डिस्फेझिया’. पानाच्या तळाशी तपासल्याची माझी सही.

दर वर्षी मी मुलींना सांगते की, २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सुचवले, त्यांतला पहिलाच सारख्या दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या औषधांच्या नावांचा आहे. हायड्रालाझिन रक्तदाबाचे, हायड्रॉक्सिझिन खाजेचे, हे त्यांच्याकडून घोकून घेते. लक्षणांच्या नावांतही तोच धोका आहे, आणि तो माझ्याच तोंडून निसटत राहिला. बारा वर्षांच्या बॅचेस बाहेर पडल्या, शुभदा. कोणी म्हापशात आहे, कोणी मस्कतला, कोणी तुझ्याच देशात. त्यांतली कोण कुठल्या रात्री फोनवर माझा उच्चार उच्चारत असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

मुलींनी साहेबी ढंगात बोलावे, असे मला आजही वाटत नाही. हृदयाचे ठोके वाढले की आपण ‘टाकीकार्डिया’ म्हणायचो, तेव्हा कँटीनच्या काकांनी ‘कुठली टाकी फुटली?’ म्हणून विचारले होते. त्या उच्चाराने कोणा रुग्णाचे वाईट झाले नाही, कारण त्या शब्दाला शेजारी नाही. जिथे एका ध्वनीवर अर्थ फिरतो, तिथेच हट्ट धरायला हवा. आणि आतडे व कमरेचे हाड ही दोन्ही ‘इलियम’, तिथे शुद्ध उच्चारही पुरत नाही, स्पेलिंगच सांगावे लागते.

मी प्राचार्यांकडे जाऊन चूक माझी असल्याचे लेखी दिले. मेमो मागे घेतला गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते पान उघडून सर्वांसमोर वाचले. मग म्हटले, चार म्हणताना आणि गुरांचा चारा म्हणताना आपला च आपोआप बदलतो, मग ज का बदलू नये? गिळण्याच्या शब्दात जेवणातला ज. बोलण्याच्या शब्दासाठी सरळ ‘अफेझिया’ म्हणा, हल्ली पुष्कळ ठिकाणी तसेच म्हणतात. आणि हँडओव्हर देताना शब्दापाठोपाठ ‘गिळता येत नाही, तोंडाने काही देऊ नका’ हे आपल्या भाषेत बोला आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. ती मुलगी पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होती. तिच्याकडे बघून बोलणे मला जड गेले.

तुझ्या नव्या घराचे फोटो पाहिले, छान आहे. धाकटीची परीक्षा झाली का? थंडीत सांभाळून राहा.

एक काम कर. दोन्ही शब्द सावकाश, तीनतीनदा म्हणून मला व्हॉट्सअॅपवर पाठव. सोमवारी पहिल्या तासाला मला ते वर्गात ऐकवायचे आहेत, आणि कोणाचा आवाज आहे, तेही सांगायचे आहे.

तुझीच,
खोलीतली