आकाराची अट पुरेशी नाही. विणीच्या जागा राखा

संपादक महोदय,

मासेमारीच्या नियमनाची चर्चा निघाली की 'लहान मासे पकडू नका' हा सल्ला प्रथम दिला जातो आणि बहुधा चर्चा तेथेच थांबते. सल्ला चुकीचा नाही. पण प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या आणि बाजारात चढा भाव मिळणाऱ्या गोब्र्यासारख्या माशांना तेवढ्याने संरक्षण मिळत नाही.

गोब्र्याच्या अनेक जातींत मासा आधी मादी म्हणून वयात येतो आणि पुढे वाढल्यावर त्यांतील काहींचे नर होतात. त्यामुळे नर प्रामुख्याने थोराड माशांतच सापडतात. नुसती किमान आकाराची अट घातली, तर मासेमारीचा सारा भार याच माशांवर पडतो. मेक्सिकोच्या आखातातील 'गॅग' या गोब्र्यात १९७०च्या दशकात नर सुमारे १७ टक्के होते. १९९०च्या दशकात ते २ टक्क्यांच्या आसपास उरले. मोठ्या माद्यांचे मोलही असेच आहे. रेड स्नॅपर या दुसऱ्या एका माशाची ६१ सेंटिमीटर लांबीची एक मादी ४२ सेंटिमीटरच्या तब्बल २१२ माद्यांइतकी अंडी देते, असा अंदाज आहे.

याहून गंभीर प्रश्न विणीच्या थव्यांचा आहे. कॅरिबियन समुद्रातील नासाऊ गोब्रा एरवी एकटा राहतो, परंतु हिवाळ्यातील पौर्णिमेच्या सुमारास दूरदूरचे मासे ठरलेल्या जागी, भित्तीच्या खोल कडेला गोळा होतात. त्यांचे पट्टे लोपून पाठ काळी आणि पोट पांढरे होते; मग तिन्हीसांजेला लहान लहान टोळ्या वर झेपावतात आणि अंडी व शुक्र पाण्यात सोडतात. वर्षभराची वीण अशा मोजक्या दिवसांत उरकते. याच दिवसांत तेथे गळ आणि पिंजरे टाकले, तर अनेक भित्तींवरचे वयात आलेले मासे एकाच जागी उचलले जातात. शिवाय थवा जमतो तोवर होड्या भरून येतात, म्हणून साठा खालावल्याचे आवकेच्या आकड्यांतून वेळीच कळत नाही. मला हा धोका सर्वांत मोठा वाटतो.

उपाय नाही असे मुळीच नाही. कॅरिबियनमधील केमन बेटांपैकी लिटल केमन येथे २००१ मध्ये असा थवा मच्छीमारांना सापडला आणि दोन हंगामांत सुमारे ४,००० मासे काढले गेले. २००३ मध्ये तेथे बंदी आली. सुरुवातीची काही वर्षे संख्या फारशी हलली नाही, तरीही बंदी टिकवली गेली. २००९ मध्ये सुमारे १,२०० असलेले मासे २०१८ पर्यंत ७,००० वर गेले. पॅसिफिक महासागरातील पलाऊ या द्वीपराष्ट्राने १९९४ च्या कायद्याने गोब्र्याच्या काही जाती विणीच्या महिन्यांत पकडण्यावरच नव्हे, तर विकण्यावरही बंदी घातली. विक्री थांबवल्याखेरीज समुद्रातील बंदी राबवणे अवघड असते, हे तेथील सरकारने ओळखले.

कमाल आकाराचीही मर्यादा घालावी, असे सुचवले जाते आणि उथळ पाण्यात ती उपयोगी आहे. खोलातून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी मात्र फुगते, आणि असा मासा परत सोडला तरी अनेकदा जगत नाही. म्हणून विणीच्या जागाच हंगामापुरत्या पूर्ण बंद ठेवाव्यात, त्या महिन्यांत या माशांची विक्री थांबवावी आणि ज्यांची वर्षाची कमाई त्या काही रात्रींवर अवलंबून आहे, त्या मच्छीमारांना बंदीच्या काळात भरपाई द्यावी. या जागांची खडान्‌खडा माहिती त्यांनाच असते. तेव्हा राखणीचे आणि मोजणीचे कामही मोबदला देऊन त्यांच्याकडेच सोपवावे.

आपला,
एक वाचक