प्लॅन वाढवण्याआधी वायर तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जळगाव-भुसावळपासून शिरपूर-नंदुरबारपर्यंत घरोघरी फायबर पोहोचलं, आणि त्याबरोबर एक तक्रारही पोहोचली. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा, संगणक वायरने राउटरला जोडलेला, तरी स्पीड टेस्टचा आकडा ९४-९५ च्या वर जात नाही. मग ग्राहक आणखी मोठा प्लॅन घेतो, त्यानेही फरक पडला नाही तर राउटर बदलतो. पैसे जातात, आकडा तिथेच राहतो. घरोघरी जोडणीचं काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा खर्च टाळता येण्याजोगा वाटतो, म्हणून हे पत्र.

९४-९५ हा आकडा योगायोगाचा नाही. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्येक पॅकेटसोबत (माहितीच्या छोट्या तुकड्यासोबत) जाणारी पत्त्याची वगैरे माहिती वजा केली की एवढंच हाती उरतं. गिगाबिट जोडणीवर तोच आकडा ९४० च्या आसपास जातो. म्हणजे मोठा प्लॅन असूनही स्पीड ९४ वर ठाण मांडून बसला असेल, तर वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर उतरली आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. तिथे ‘लिंक स्पीड’ ही ओळ असते. १०००/१००० दिसलं तर तेवढा टप्पा ठीक, १००/१०० दिसलं तर दोष तिथेच. मात्र ही ओळ संगणकापासून पुढच्या डब्यापर्यंतचंच सांगते. फायबरचा डबा (घरात आलेली फायबर ज्याला जोडलेली असते तो) ते राउटर हा टप्पा ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर ‘वॅन’च्या, म्हणजे बाहेरून नेट येणाऱ्या पोर्टच्या, माहितीत वेगळा पाहावा लागतो.

बहुतेक वेळा दोष वायरीत किंवा जॅकमध्ये निघतो. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. ४, ५, ७, ८ पैकी एक तार जरी जॅकच्या पितळी दातापर्यंत पोहोचली नाही, तरी दोन्हीकडची यंत्रं सहसा मुकाट्याने १०० वर येतात. नेट चालू राहतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. याहून वाईट म्हणजे एकाच वायरीतून दोन जोडण्या काढणं: चार तारा या खोलीला, चार त्या खोलीला. वायर वाचते आणि दोन्ही खोल्या कायमच्या १०० वर अडकतात. तुटलेल्या तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोडही असाच त्रास देतो. तो काढून अखंड वायर टाकणंच बरं.

जॅक नव्याने बसवताना क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. काहीजण सोयीसाठी हिरव्याशेजारी हिरवा आणि निळ्याशेजारी निळा लावतात. साधा टेस्टर आठही दिवे लावून पास करतो, पण एकमेकींना पीळ घातलेल्या एका रंगाच्या दोन तारांच्या जोड्या फुटल्यामुळे एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळतो आणि पॅकेट गळतात. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये, आणि वायरीचं बाहेरचं आवरण जॅकच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते.

वायर घेताना तिच्यावर ‘कॅट-६’ ही प्रत एवढीच वाचून थांबू नका. बाजारात वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर भरपूर आहे. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढुरकं दिसलं तर ती घेऊ नका. तिचा विद्युत रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, ती वाकवली की लवकर तुटते आणि जॅकमध्ये पकड सैल होत जाते. शुद्ध तांब्याची कॅट-५ई वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, घराला तेवढी पुरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. तेव्हा गच्चीवरून किंवा पत्र्यावरून नेलेल्या घरातल्या वापराच्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत जातं. बाहेरून न्यायची तर उन्हात टिकणारी, काळ्या आवरणाची आउटडोअर वायरच घ्या. धान्याच्या खोलीतून जाणारी वायर पाइपात घाला. उंदीर ती सोडत नाहीत.

वायर ठीक असेल तर पोर्ट पाहा. अनेक स्वस्त राउटरचे सगळे पोर्ट १०० चेच असतात, मग खोक्यावर वायफायचा आकडा १२०० का असेना. फायबरच्या काही डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि राउटर नेमका दुसऱ्यात खोचलेला असतो. सीसीटीव्हीसाठी घेतलेला जुना नेटवर्क स्विच (एका वायरीतून अनेक पोर्ट देणारा डबा) मध्ये असेल तर तोही बाजूला करून पाहा.

सगळीकडे १००० दिसूनही स्पीड कमी असेल, तर लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला लावून मोजा. डबा ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे स्वतः लॉगिन न करता नेट नुसतं पुढे सोडत असेल, तर लॅपटॉपवर पुरवठादाराने दिलेलं यूझरनेम-पासवर्ड टाकून पीपीपीओई (नेटचं लॉगिन) डायल करावं लागेल. थेट लावल्यावर पूर्ण स्पीड मिळाला तर राउटर दोषी. त्यात क्यूओएस (कोणत्या वापराला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय), पॅरेंटल कंट्रोल (मुलांच्या वापरावर बंधनं) किंवा वापर मोजण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. या सोयींमुळे अनेक राउटरमध्ये प्रत्येक पॅकेट हार्डवेअरऐवजी छोट्याशा प्रोसेसरकडून जातं आणि तो दमतो. नेटवर्क कार्डचं ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ऑटोवरच ठेवा. एका बाजूने हाताने १०० फुल (एकाच वेळी दोन्हीकडे वाहतूक) केलं की दुसरी बाजू हाफ (एका वेळी एकाच दिशेने) धरते आणि स्पीड पार कोसळतो.

थेट लावूनही कमीच आला तर सकाळी, दुपारी आणि रात्री नऊनंतर मोजा. फक्त रात्री पडत असेल तर ती पुरवठादाराकडची गर्दी. सतत कमी असेल तर डब्याच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, पाहा. घरोघरी असलेल्या जीपॉन प्रकारच्या फायबर जोडणीत तो साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (ही ताकद मोजण्याचं एकक) आत हवा. उणे २७ च्या खाली (उणे २८, उणे ३० असा) गेला तर फायबर कुठेतरी दुमडली आहे किंवा जोड खराब आहे. हे आकडे तारीख-वेळेसह देऊन तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागा. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

जोडणी करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना आणि दुकानदारांना एक विनंती आहे. काम संपल्यावर ग्राहकाला लॅपटॉपवर लिंक स्पीड दाखवा, आणि वायरीच्या बिलावर ‘शुद्ध तांबे’ असं स्पष्ट लिहून द्या. ग्राहकांनीही या दोन गोष्टी मागितल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

आपले,
घरगुती नेटवर्क जोडणीचे काम करणारे तंत्रज्ञ, जळगाव