ट्रान्सफर केस गळतेय? सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात गाड्यांबद्दल जे छापून येतं ते बहुतेक नव्या गाड्यांचं असतं, जुनी फोर बाय फोर गाडी नीट सांभाळून चालवणाऱ्यांसाठी फारसं काही नसतं, म्हणून हे पत्र. विषय एकच आहे, ट्रान्सफर केसमधून, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीतून, गळणारं तेल. "जुनी गाडी आहे, थोडं गळणारच" असं म्हणून लोक ते सोडून देतात आणि ते मला अजिबात पटत नाही.

इंजिनचं तेल कमी झालं तर निदान डॅशबोर्डवर दिवा तरी लागतो. जुन्या गाडीच्या ट्रान्सफर केसला असा कुठलाच दिवा नसतो. बऱ्याच पिकअपच्या केसमध्ये तेल असतं जेमतेम दीड-दोन लिटर, रोज थोडं थोडं गळून त्यातलं अर्धं गेलं तरी गाडी नेहमीसारखीच चालते, आणि ज्या दिवशी आवाज यायला लागतो तोपर्यंत चेन आणि बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शिवाय जुन्या जीप आणि जुन्या लँड रोव्हरमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकाला नसतो, ट्रान्सफर केसच्या मागेच असतो. तिथलं मागचं सील, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, गळलं की तेल थेट ब्रेक शूवर जातं आणि चढावर लावलेली गाडी हँडब्रेकवर थांबतच नाही. याला किरकोळ गळती कसं म्हणायचं?

माझ्या पिकअपचं मागचं आउटपुट सील एका वर्षात दोनदा बदललं. पहिल्यांदा मेकॅनिकने बदललं, दुसऱ्यांदा मी स्वतः, आणि दोन्ही वेळा महिन्या-दोन महिन्यांत परत लाल तेलाचा डाग. मधे एकाने बाहेरून सिलिकॉन थापून दिलं, ते तर आठवडाभरही टिकलं नाही. शेवटी एक दिवस गाडीखाली नीट आडवा झालो आणि केसच्या वर हात घातला, तिथे ब्रीदरची, म्हणजे केसला हवा जाण्या-येण्यासाठी असलेल्या भोकाची, छोटी टोपी आहे, ती चिखलाने इतकी गच्च भरलेली की दगडच वाटत होता. पातळ तारेने खरवडली तर आतून फुस्स करून हवा बाहेर आली. गाडी चालली की केस तापते, आतली हवा फुगते, तिला वरून वाट मिळाली नाही तर ती सीलच्या ओठातून तेल ढकलत बाहेर पडते. मग सील कितीही नवीन घाला! आणि उलटंही होतं, तापलेली केस पाण्यात उतरली की एकदम थंड होते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढून घेते. तेल दुधाळ दिसलं तर समजायचं पाणी शिरलंय.

सील बदलण्याआधी आणखी एक बघाच. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढण्याआधी तो हाताने धरून वर-खाली हलवून बघा, खुळखुळत असेल तर आतलं बुश किंवा बेअरिंग गेलंय आणि नवीन सीलही लवकरच जाणार. शाफ्ट बाहेर आला की सीलचा ओठ जिथे फिरतो त्या जागेवरून नख फिरवा, नख अडकलं म्हणजे तिथे खाच पडलीय, पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा नाहीतर तो भाग बदला. सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची, ओठाला तेल लावायचं आणि जुळत्या मापाच्या पाइपने सगळीकडून सारखं ठोकायचं, एका कडेला हातोडी मारली की ते वाकडं बसतं.

गळती नक्की कुठून आहे हे ओळखायला घाई करू नका. चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे उडवतो, त्यामुळे सगळं मागचंच सील ओलं दिसतं. आधी सगळं धुवून कोरडं करा, थोडं फिरवून आणा आणि सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधा, मूळ बहुतेक तिथेच असतं. कधी कधी जमिनीवर थेंबही नसतो आणि गिअरबॉक्सचं तेल मात्र कमी होत जातं, कारण दोघांच्या मधलं सील गेलेलं असतं आणि तेल ट्रान्सफर केसमध्ये जमा होत असतं. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून २००७ पर्यंतच्या काही जनरल मोटर्स पिकअपना एनपी २४६, २६१ आणि २६३ या केस होत्या, त्यात तर आतला ऑइल पंप घासून घासून मागच्या मॅग्नेशियमच्या भागाला बारीक भोक पाडतो. भोक वरच्या बाजूला असल्याने उभी गाडी कोरडी दिसते आणि चालताना तेल उडून जातं. तिथे सील बदलून काहीच होणार नाही.

बाकी तेल बदलताना आधी वरचा फिलर प्लग उघडा आणि मगच खालचा ड्रेन प्लग, तेल काढून बसलात आणि वरचा प्लग निघालाच नाही तर गाडी तिथेच अडकली. ड्रेनच्या चुंबकावर राखाडी बारीक लेप असला तर काळजी नको, पण चमकणारे तुकडे असले तर केस उघडायलाच हवी. कुठल्या केसमध्ये लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि कुठल्यात ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल हे मॅन्युअलमध्येच बघा, ऐकीव सांगण्यावरून ओतू नका. भरताना गाडी सपाट जागेवर ठेवा आणि फिलरच्या भोकातून तेल बाहेर यायला लागलं की थांबा.

आणि हे कृपया ठळक छापा. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असली किंवा मागचा शाफ्ट काढलेला असला तर गिअरबॉक्सचा पार्क किंवा पहिला गिअर गाडीला धरून ठेवत नाही. हँडब्रेक केसवर असेल तर शाफ्ट काढल्यावर त्याचाही मागच्या चाकांशी संबंध उरत नाही. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय कुणीही गाडीखाली जाऊ नये, नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही.

माझं ते दुसऱ्यांदा घातलेलंच सील अजून आहे, फक्त ब्रीदर साफ केला आणि त्याला रबरी नळी लावून ती वर, चिखल पोचणार नाही अशा जागी नेली. त्याला आता दीड वर्ष झालं, खाली ठेवलेला पुठ्ठा कोरडाच आहे.

आपला,
एक नियमित वाचक